सुतावरून स्वर्ग

आमच्या तुर्कस्तानच्या सहलीचे एक हजार चारशे बारा फोटो आहेत. त्यात निळी मशीद अकरा बाजूंनी आहे, बॉस्फरसवरचे पक्षी आहेत, विमानातल्या जेवणाचा ट्रे आहे. हॉटेलच्या न्हाणीघरातला नळसुद्धा आहे, कारण तो सुरू कसा करायचा हे खाली जाऊन फोटो दाखवून विचारावं लागलं होतं. फक्त ज्या पदार्थावरून ही सहल आमच्या घरात अजून चघळली जाते, त्याचा फोटो नाही. म्हणजे आहे, पण तो पदार्थ संपल्यानंतरचा. पांढरी ताटली, आडवा चमचा आणि कडेला तपकिरी रंगाचा एक ओरखडा.

मी टेमघरला राहतो. टेमघर म्हटलं की पुण्याकडची माणसं लगेच "ते धरण का?" असं विचारतात. ते मुठा नदीवरचं टेमघर वेगळं. आमचं भिवंडीचं, कल्याण रस्त्यावरचं. पाण्याशी नातं मात्र आमचंही आहे. उल्हास नदीचं पाणी शहाडला उचलतात, टेमघरला शुद्ध करतात आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरला धाडतात. आता मेट्रो ५ वर आमच्या नावाचं स्टेशनही होतंय. २०१८ च्या डिसेंबरात कल्याणला भूमिपूजन झालं, तेव्हापासून आम्ही खांब मोजतोय. सांगायचा मुद्दा, नुसतं नाव कळून भागत नाही हे टेमघरकराला जन्मतःच ठाऊक असतं. पण नावच कळलं नाही तर काय होतं, ते मला त्या ताटलीनं शिकवलं.

माझी नोकरी गोदामातली. मुंबई-ठाण्यात कुणी मोबाईलवर बोट टेकवून काही मागवलं, की ती वस्तू बहुधा एखादी रात्र भिवंडीत झोपून मगच पुढे जाते. मी इनवर्डला बसतो. माझ्या टेबलावरून बिननावाची वस्तू आत जात नाही. खोक्यावर लेबल नाही, चलनाशी जुळत नाही, बारकोड वाचला जात नाही, अशा मालासाठी वेगळा रॅक आहे. कंपनीच्या कागदांत त्याला भारदस्त इंग्रजी नाव आहे, आमचे हमाल त्याला 'बेवारस' म्हणतात. त्या बेवारस मालाची ओळख पटवण्यात बावीस वर्षांत माझा हात कुणी धरलेला नाही. एकदा नुसत्या वासावरून मी एक खोकं अगरबत्तीचं नसून डोक्याच्या तेलाचं आहे, हे सांगितलं होतं. अशा माणसाला एका गोड पदार्थानं दोन वर्षं झुलवावं, हे मनाला लागतं.

आमचं घर आगरी. आठवड्यातून चार दिवस म्हावरं आणि रविवारी कोंबडी. त्यात आत्या एकटी माळकरी. तिच्या गळ्यातली तुळशीची माळ माझ्या लग्नाच्या आधीपासूनची आहे. तिची भांडी वेगळी, पळी वेगळी, गॅसच्या शेगडीचा डावीकडचा बर्नर तिचा. त्यावर चुकून कुणी बोंबलाच्या कालवणाचं भांडं टेकवलं, तर शेगडी घासून, पुसून, वर पाणी शिंपडून मगच तिचा चहा चढतो. पंढरपूरच्या पुढे ती कधी गेली नव्हती. मुलाला नोकरी लागली तेव्हा त्यानं आम्हा दोघांना आणि आजीच्या जागी असलेल्या आत्याला २०२३ च्या ऑक्टोबरात तुर्कस्तानला पाठवलं.

सहलवाल्यांनी पत्रकात 'शुद्ध शाकाहारी भोजन' छापलं होतं, आणि त्यांनी ते इमानानं पाळलं. सात दिवस वरणभात. कॅपाडोकियाच्या आभाळात फुगे चढत होते आणि खाली आम्ही कांदेपोहे खात होतो. शेवटच्या दिवशी इस्तंबूलच्या इस्तिकलाल रस्त्यावर दोन तास मोकळे सोडले. "लाल ट्राम दिसेल, तिच्या रुळांपासून लांब जाऊ नका," एवढीच सूचना. पाऊस आला. आम्ही ट्रामच्या रुळांपासून लांब गेलो आणि एका दुकानात शिरलो.

काचेमागे परातीच परातीत दुधाचे पदार्थ मांडले होते. आत्याचा चेहरा उजळला. आठवडाभरात पहिल्यांदा तिला काहीतरी ओळखीचं दिसत होतं. मेनूकार्ड आलं. तुर्की भाषा १९२८ पासून रोमन लिपीत लिहितात. त्यामुळे अक्षरं सगळी वाचता येतात आणि कळत काहीच नाही. आपल्या बँकेच्या फॉर्मसारखं. शेवटी आत्यानं एका परातीकडे बोट केलं. मी जबाबदार पुरुषासारखा पुढे होऊन वेटरला विचारलं, "एग? नो एग?"

"नो एग, नो एग," तो म्हणाला. छातीवर हात ठेवून म्हणाला. मग परातीकडे बोट करून म्हणाला, "सूत! सूत!"

"काय?"

"सूत!" आणि त्यानं दोन्ही मुठी आळीपाळीनं खाली ओढून दाखवल्या.

आत्या माझ्या कानाशी लागली. "बाला, सूत म्हंतंय तो. आपल्या भिवंडीचा सूत इथपरत येतंय?"

भिवंडीची माणसं आम्ही. रात्री यंत्रमागांची खटखट थांबली तर झोप मोडणारी. कुणी 'सूत' म्हणून हातानं ओढल्यासारखं केलं, तर आम्हाला बॉबीनच दिसणार. आम्ही तिघांनी समजूतदारपणे मान हलवली. अंडं नाही ना, मग झालं.

पदार्थ आला. पांढरी, जाडसर गुंडाळी. एका बाजूला करपलेला तपकिरी पापुद्रा. वर दालचिनीची पूड भुरभुरलेली. चमच्यानं तोडायला गेलो तर बासुंदीसारखा सुटेना आणि खरवसासारखा तुटेना, जरासा ताणला जायचा. तोंडात आधी दुधाचा गोडवा, मग करपलेल्या साखरेचा कडवट चटका. आणि त्यामागून जिभेला लागतील न लागतील असे अगदी बारीक तंतू.

आत्या चमचा तोंडात धरून थांबली. "बाला, यात खरंच सूत हाय."

मी दाढेखाली एक तंतू धरून पाहिला. होता. "साठाचं नाही," मी म्हणालो, "ऐंशी नंबरचं असेल." सुताचा नंबर जितका मोठा तितका धागा बारीक, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही कळतं. बायको म्हणाली, "गप खा." आत्यानं दुसरी ताटली मागवली. तीही संपवली. मग आजूबाजूला बघून, परदेश आहे हे विसरून, ताटली बोटानं निपटली. तो ओरखडा तिच्या बोटाचा.

टेमघरला परत आल्यावर आत्यानं तुर्कस्तान सांगायला सुरुवात केली. तिच्या तुर्कस्तानात मशिदी नाहीत, फुगे नाहीत, समुद्र नाही. फक्त ती ताटली आहे. हरिपाठाला जमणाऱ्या बायकांनी ती कथा इतक्यांदा ऐकली की त्यांतल्या काहीजणी आता स्वतः जाऊन आल्यासारख्या सांगतात. नुसतं सांगून आत्याचं समाधान होईना. एका द्वादशीला तिनं डावीकडच्या बर्नरवर दूध, तांदळाचं पीठ आणि साखर चढवली. तंतूंसाठी हातशेवया कुस्करून घातल्या, मुद्दाम बुडाला लागू दिलं, उलथन्यानं खरवडून गुंडाळ्या केल्या. देवाला नैवेद्य दाखवून मग वीस बायकांना वाढलं. त्या दिवसापासून टेमघरात 'आत्यांची तुर्की' हा पदार्थ आहे.

आणि मग आत्याला पंचाहत्तरावं वर्ष लागलं. तिला काय हवं असं विचारलं. आयुष्यात जिनं कधी काही मागितलं नाही, ती म्हणाली, "मना त्याचा नाव सांग. बायका इचारतात, मी काय सांगू? नाव नाय म्हनून सांगू?"

माझ्यातला इनवर्ड जागा झाला. आधी कागदपत्रं. मी कुठलंही बिल फेकत नाही. दुकानाची पावती पाकिटाच्या आतल्या कप्प्यात होती. काढली, उघडली, तर कोरी. एटीएमच्या चिठ्ठीसारखा तो गुळगुळीत कागद, दीड उन्हाळा खाऊन पांढराफटक झालेला. उलट्या बाजूनं, उजेडात, काचेवर धरून पाहिली. काही नाही. मग फोटो. मोबाईलमधल्या हुशार यंत्राला ताटलीचा फोटो दाखवला आणि हा पदार्थ कोणता असं विचारलं. यंत्रानं नम्रपणे सांगितलं की ही रिकामी ताटली आहे. हे आम्हालाही दिसत होतं.

उरले शेजारी. परदेशी पदार्थाची ओळख पटवायची असेल तर भिवंडीसारखं गाव नाही. इथं आगरी आहेत, कोकणी मुसलमान आहेत, उत्तरेतले विणकर आहेत, तेलुगू पद्मशाली आहेत, आणि गोदामांमुळे आता उरलेला भारतही आहे. अडचण एवढीच की जो तो आपल्याच परातीत बोट घालून उत्तर काढतो.

समोरच्या इमारतीतला मुलगा तीन वर्षं दुबईला होता. त्यानं वर्णन अर्ध्यावर तोडलं. "काका, कुनाफा." कुनाफ्यात तंतू असतात हे खरं. शेवयांसारख्या तारांच्या थरात चीज घालून भाजतात आणि वर पाक ओततात. पण तो कुरकुरीत असतो, आमचा लुसलुशीत होता. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "मग मऊ पडलेला कुनाफा असेल." हल्ली दुबईच्या त्या पिस्त्याच्या चॉकलेटातही कुनाफा भरतात. त्यामुळे या मुलाला जगात कुनाफा सोडून दुसरा गोड पदार्थ दिसतच नाही.

आमच्या डिस्पॅचला एक गोवेकर आहे. तो करपलेला पापुद्रा ऐकून म्हणाला, "बेबिंका." नारळाचा रस, अंड्यातलं पिवळं, एकेक थर भाजून त्यावर दुसरा. थर नव्हते, असं मी म्हटलं. "मग घाईत केलेली असणार," तो म्हणाला. शिवाय अंडं नव्हतं, हे मी ठासून सांगितलं. वेटरनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं.

तेलुगू वहिनींनी पूतरेकुलूचं नाव घेतलं. गोदावरी खोऱ्यातल्या आत्रेयपुरमचा हा पदार्थ. तांदळाच्या पिठाचा कागदासारखा पातळ पापुद्रा, आत तूप आणि साखर किंवा गूळ. २०२३ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वहिनींनी तो घरून आणून खायलाच घातला. उत्तर चुकलं, पण चूक अशीच असावी. मी आणखी दोनदा संशय व्यक्त करून पाहिला.

बायकोचा भाचा हॉटेल मॅनेजमेंट शिकतो. त्यानं पनाकोटा आणि क्रेम ब्रुले अशी दोन नावं टाकली. अर्थ विचारले. पहिल्याचा अर्थ शिजवलेली साय, दुसऱ्याचा जळलेली साय. आमच्या घरात साय जळली तर जिनं जाळली तिचा उद्धार होतो, पॅरिसात जळली तर वाटीत घालून बिल देतात. पण दोन्हींत तंतू नाहीत. "मावशे, तो तंतू म्हणजे तुमचा भास असेल," असं तो म्हणाला. त्यावर आत्यानं जे उत्तर दिलं, ते माळकरी माणसाच्या तोंडी शोभत नाही.

सहा महिने गेले. आमच्या बेवारस रॅकवर नावांची रास झाली आणि माल तसाच.

रमजान लागला. आमच्या मागच्या गल्लीत चाचांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि चार लूम. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेतले जे विणकर दक्षिणेकडे सरकत मालेगावला, भिवंडीला थांबले, त्यांतलं त्यांचं घराणं. रोजा सुटायच्या वेळी मी काही कामानं गेलो, तर त्यांनी हात धरून बसवलं. खजूर, भजी, आणि मोठ्या वाडग्यात हलीम. गहू, डाळी आणि मटण तासन् तास शिजवून लाकडी घोटण्यानं घोटलेलं. चमचा उचलला की तार धरतं. मी खाल्लं, बरं वाटलं, आणि सवयीनं माझं ताटलीपुराण सुरू केलं.

चाचांनी फोटो पाहिला नाही. सूत या शब्दाला ते हसलेही नाहीत. त्यांनी मला दोन वर्षांत कुणी न विचारलेला प्रश्न विचारला.

"दाँत में फँसा था?"

"हां."

"मीठा था, फिर भी फँसा था?"

"हां चाचा."

चाचांनी खजुराची बी बाजूला ठेवली. "तो साहब, रेशा दो ही चीज़ का होता है. या कपास का, या गोश्त का. कपास तो उन्होंने डाला नहीं होगा."

मी चमच्याकडे पाहिलं. हलीमची तार चमच्यापासून वाडग्यापर्यंत लोंबत होती. ऐंशी नंबरची.

"गोड पदार्थात? गोश्त?"

"क्यों नहीं? मुतंजन नहीं सुना? मीठा चावल, उसमें गोश्त. पुराने बावर्ची बनाते थे." मग माझा चेहरा बघून त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

घरी आलो, मुलाला बाहेरच्या खोलीत बोलावलं, दार लोटलं आणि दबक्या आवाजात म्हटलं, "शोध. तुर्की, गोड, दूध, कोंबडी." दोन वर्षं जे सापडत नव्हतं ते श्वास सोडायच्या आत पुढ्यात आलं. फोटोतही तीच पांढरी गुंडाळी, तीच दालचिनी.

तावुक ग्योसू. तावुक म्हणजे कोंबडी, ग्योसू म्हणजे तिची छाती. उस्मानी सुलतानांच्या काळापासूनची ही मिठाई. कोंबडीच्या छातीचं मांस शिजवायचं, त्याचे केसासारखे तंतू होईपर्यंत ते पिंजायचं, वास जाईपर्यंत पाण्यातून पुन्हा पुन्हा काढायचं आणि मग दूध, साखर, तांदळाच्या पिठात घोटत राहायचं. चांगल्या हातचा असेल तर कोंबडीची चव लागत नाही, फक्त तार लागते. हाच पदार्थ साखर भुरभुरलेल्या परातीत ओतून खालून करपवला, खरवडला आणि गुंडाळला की त्याला कझानदिबी म्हणतात. आमच्या ताटलीत होता तो हा. आणि 'स्यूत', जे आमच्या भिवंडीच्या कानांनी 'सूत' ऐकलं, ते म्हणजे दूध. तो बिचारा वेटर दोन्ही मुठींनी गाईची धार काढून दाखवत होता. आम्ही त्याला बॉबीन भरताना पाहिलं. सुतावरून स्वर्ग गाठणारे लोक आजवर पुष्कळ झाले. आम्ही तर सूत नसतानाच गाठला.

त्या वेटरला मी मनोमन फार बोललो. मग विचार केला, तो खोटं काय बोलला? मी विचारलं अंड्याचं. त्यानं सांगितलं अंडं नाही. अंडं नव्हतंच. अंड्याच्या पुढची पायरी होती. मिठाईच्या दुकानात शिरून "यात कोंबडी आहे का?" असं विचारणारा माणूस अजून जन्मायचा आहे. आणि मला खरी लाज वेगळीच वाटली. कोंबडीशी माझी ओळख दर रविवारची, चाळीस वर्षांची. तिनं जरा दुधाचा पदर घेतला काय, आणि मी तिला ओळखलं नाही. वासावरून तेल सांगणारा मी!

घरात बैठक बसली. बायको, मुलगा, मी. आत्या आत हरिपाठ म्हणत होती. प्रत्येक ओळीगणिक आमचा आवाज खाली जात होता.

मुलगा बचावाच्या वकिलासारखा बोलला. आजकाल बरीच दुकानं कझानदिबीत कोंबडी घालतच नाहीत, नुसतं दूध आणि पीठ घालतात. म्हणजे संशयाचा फायदा मिळू शकतो.

"तंतू?" मी म्हणालो.

वकील बसला.

बायको म्हणाली, "अजाणता घडलेलं पाप नसतं."

"तिचं अजाणता. आपण तर आता जाणतो."

"मग जाणतं ते आपल्या खात्यावर घ्या. तुम्ही नाहीतरी रविवारचे आहातच."

मुलानं आणखी वाचून दाखवलं. मध्ययुगात युरोपातही असंच होतं. ब्लांमांज म्हणजे 'पांढरं खाणं'. तांदूळ, बदामाचं दूध, साखर, आणि चक्क कोंबडी. राजेरजवाड्यांच्या पंगतीतला पदार्थ. पुढे हळूहळू त्यातली कोंबडी गळाली, दुधाचा थरथरता गोळा उरला आणि नाव तेच राहिलं. हे ऐकल्यावर मला आत्याचा अभिमान वाटला. युरोपला कोंबडी काढून टाकायला काही शतकं लागली, आत्यानं ते काम एका द्वादशीला उरकलं. तिच्या बर्नरवर शिजलं त्यात काडीचं पाप नव्हतं. पांडुरंगाला दाखवलेला नैवेद्य निर्मळ होता. शेवयांना दोष कोण देणार?

आणि नावांचं काय घेऊन बसायचं? हलवा अरबी, बर्फी फारसी बर्फावरून आलेली, जिलबीचं मूळही अरबांच्या जलाबियात शोधतात. आपण सत्यनारायणापासून लग्नापर्यंत या सगळ्यांना पंगतीत बसवलं आणि कुणाला त्यांचं गाव विचारलं नाही. नाव हे हॉटेलच्या बिलासारखं असतं. ते खाऊन झाल्यावर येतं, आणि आल्यावर तोंडाची चव जाते.

तरी आत्याला उत्तर देणं भाग होतं. तिनं मागितलेली ही एकच गोष्ट. रात्रभर विचार करून सकाळी तिच्यापुढे बसलो.

"आत्या, नाव सापडलं."

"काय?"

"कझानदिबी."

"म्हंजे?"

"कझान म्हणजे मोठी कढई, दिबी म्हणजे तिचा तळ. कढईच्या तळाला लागलेलं. खरवड."

आत्या बघतच राहिली. "खरवड?"

"खरवड."

"एवढा विमानानं नेऊन तुम्ही मना खरवड खायाला घातली?" आणि ती हसायला लागली. लहानपणी दुधाच्या टोपातल्या खरवडीसाठी माझ्या वडिलांशी तिची कशी मारामारी व्हायची, ते सांगायला लागली. टोप त्यांनी डोक्यावर उलटा घातला होता. सांगता सांगता मधेच थांबली. माझ्या पोटात गोळा आला.

"आनि सूत?"

"सूत म्हणजे त्यांच्यात दूध."

"दूध!" ती म्हणाली. "मंग दूध काढून दावत व्हता तो. आनि आपन खुले!"

मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. एक शब्द बोललो नव्हतो, एवढंच.

पंचाहत्तरी झाली. आत्यानं स्वतःच्या हातानं साठ बायकांना 'तुर्कस्तानची खरवड' वाढली. दोघीजणींनी कृती वहीत उतरून घेतली. एकीनं मला विचारलं, "भाऊ, तिकडे पण शेवयाच घालतात का?" मी म्हणालो, तिकडचे तंतू जरा वेगळे असतात. चाचांकडे एक डबा पाठवला. त्यांनी खाल्ला, दाढेखाली घोळवला, आणि दारात उभ्या असलेल्या आत्याला म्हणाले, "आपा, उनसे अच्छा है." माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. मोठा माणूस.

गोदामात बेवारस मालाचं नाव सापडलं की त्यावर लेबल चिकटवून तो पुढे पाठवायचा, असा नियम आहे. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी लेबल छापून घेतलंय आणि चिकटवलेलं नाही. ते खिशात आहे, त्या कोऱ्या पावतीच्या शेजारी.

तेव्हा वाचकहो, परदेशात गोड खायला बसाल तर अंड्याच्या आधीचं आणि अंड्याच्या नंतरचं, दोन्ही विचारून घ्या. विचारायचं राहून गेलं, तर मग घरी येऊन शोधत बसू नका. आणि टेमघरला आलात तर आमच्याकडे जरूर या. आत्या खरवड वाढील. छान आहे म्हणा, दुसऱ्यांदा मागा, ताटली बोटानं निपटा. कोंबडीचं नाव तेवढं काढू नका.